मांडवात तबकडी वाजवताना सुई उडू नये म्हणून

सांगली-मिरज रस्त्याजवळच्या एका लॉनवर हळदीचा कार्यक्रम होता. मी टर्नटेबलवर मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची एक जुनी हिंदी तबकडी लावली, करवल्या स्टेजवर चढल्या आणि पहिल्याच उडीला सुई गाण्याच्या मध्यातून घसरत थेट लेबलपाशी गेली. मी आर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, वजन वाढवलं, तरी उडाली. अजून वाढवलं, तरी तेच. शेवटी मांडववाल्यांमधला एक वयस्कर माणूस वर आला, माझ्या टेबलावर पंजा ठेवून थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, मशिन चांगलं आहे तुमचं, पण ते झोपाळ्यावर बसवलंय."

त्यानं टेबलाखालच्या दोन फळ्या काढल्या. खाली जमिनीवर सिमेंटचे भरीव ठोकळे रचत रचत स्टेजच्या उंचीपर्यंत आणले आणि टेबलाचे चारही पाय त्यांवर टेकवले. आता स्टेज आणि टेबल यांचा एकमेकांना कुठेच स्पर्श नव्हता. करवल्या नाचत होत्या, फळ्या दबत होत्या आणि सुई जागेवर होती. दहाला आवाज बंद करेपर्यंत ती एकदाही उडाली नाही.

हा लेख त्या रात्रीमुळे लिहितो आहे. सुई उडाली की बहुतेक जण आधी आर्मकडे हात नेतात आणि बऱ्याचदा दोष आर्ममध्ये नसतोच. सुईला त्रास देणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी आहेत: नाचणाऱ्यांचे पाय आणि स्पीकरचा बेस. दोन्ही हादरेच, पण स्वभावानं इतके वेगळे की एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, कधी कधी दुखणं वाढवतो. आपल्या भागात डीजे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डॉल्बीची भिंत येते. त्या वातावरणात तबकडी वाजवायची तर हा फरक ओळखता आलाच पाहिजे.

आधी रोग ओळखा

सुई कधी उडते ते बघा. दर फेरीला त्याच जागी 'टक' होत असेल तर तबकडीवर ओरखडा आहे. तेहतीसच्या तबकडीला एका फेरीला १.८ सेकंद लागतात, पंचेचाळीसच्या तबकडीला साधारण १.३ सेकंद. मनात मोजलंत तरी कळतं. अशा तबकडीसाठी टेबलाखाली काहीही घालून उपयोग नाही. ती पुसून बघा, नाही तर बाजूला ठेवा.

लोक नाचायला लागले की उडत असेल आणि आवाज पूर्ण बंद केल्यावरही उडत असेल, तर जमीन हलते आहे. कोणी नाचत नसतानाही आवाज वाढवला की 'हूं' असा घुमारा सुरू होतो, बेसच्या शंकूचा कागद आतबाहेर लोंबायला लागतो, तर तो बेसचा फेरा आहे: स्पीकरचा हादरा टेबलातून सुईला, सुईतून अँपला, अँपमधून पुन्हा स्पीकरला. आणि सुई उचलल्यावरही गुणगुण चालूच राहिली, तर तो हादराच नव्हे. अर्थिंगची तार बघा. विजेची ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० कंपनांची) गुणगुण आणि बेसचा घुमारा यांत गफलत करून लोक तासन्‌तास टेबलाखाली फोम बदलत बसतात.

सुई आतल्या बाजूला, लेबलकडे उडत असेल तर अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्मला बाहेरच्या बाजूला हलकं ओढणारी सोय, कमी पडत असेल. बाहेरच्या बाजूला उडत असेल तर ते जास्त झालं असेल किंवा टेबल बाहेर कललेलं असेल.

आर्म एकदाच, पण नीट

आर्मची सेटिंग घरी शांतपणे करा, मांडवात नाही. तिथे फक्त तपासायची.

सुई स्वच्छ आहे का ते आधी बघा. ब्रश नेहमी मागून पुढे, म्हणजे आर्मच्या बुडाकडून सुईच्या टोकाकडे फिरवायचा. उलटा फिरवला तर सुईची बारीक दांडी वाकते. मग हेडशेलचे, म्हणजे आर्मच्या टोकाच्या टोपीचे, स्क्रू आणि आर्मला हेडशेल जोडणारी कडी घट्ट आहे का बघा. हेडशेल दोन बोटांत हलकेच धरून पुढेमागे करा. आर्म त्याच्या टेकूत 'खटखट' करत असेल तर बेअरिंग सैल झालं आहे. ते कारागिराकडून दुरुस्त होईपर्यंत बाकीचं सगळं वाया.

नंतर अँटी-स्केटिंग शून्यावर आणा आणि मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असं जुळवा. सुई तबकडीला लागू देऊ नका. तरंगला की वजन न हलवता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा, मग वजन आणि कडी दोन्ही एकत्र फिरवून हवे तेवढे ग्रॅम द्या. किती द्यायचे ते कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसते त्या डबीच्या, कागदावर असतं. डीजेसाठी बनवलेल्या बऱ्याच कार्ट्रिजना ३ ते ४ ग्रॅम लागतात. दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात राहा, पण मर्यादा ओलांडू नका. हेडशेलवर नाणं चिकटवण्याची सवय मोडाच. त्यानं सुई आणि खाच दोन्ही झिजतात आणि जमीन हलत असेल तर सुई तरीही उडते, फक्त जास्त जोरात आपटते.

कडीवरचे आकडे पूर्ण विश्वासाचे नसतात. छोटा डिजिटल काटा घ्या. सोनारकामाचा साधा काटाही चालतो, पण दोन गोष्टी सांभाळा. काट्याचं ताट लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला ओढतं आणि वजन खोटं येतं. मध्ये लाकडाचा किंवा प्लास्टिकचा छोटा तुकडा ठेवा. दुसरं म्हणजे, सुई टेकते ती जागा तबकडीच्याच उंचीवर हवी.

आर्मची उंची अशी ठेवा की सुई तबकडीवर असताना आर्म बाजूनं तबकडीला समांतर दिसेल. अँटी-स्केटिंग साध्या मिक्सिंगला वजनाच्या आसपास ठेवा. तबकडी मागेपुढे ओढणारे, स्क्रॅच करणारे बरेच जण ते शून्यावर किंवा अगदी कमी ठेवतात, कारण मागे ओढताना त्याचा उपयोग होत नाही, उलट अडथळा होतो.

स्क्रॅच करणाऱ्यांनी टर्नटेबल नव्वद अंशांत वळवून ठेवावं, म्हणजे आर्म तुमच्यापासून लांबच्या बाजूला जातो. अर्ध्या उड्या हाताच्या, बाहीच्या किंवा हेडफोनच्या वायरच्या धक्क्यानं होतात. तबकडीचं भोक सैल असेल तर ती मागे ओढताना डुगडुगते आणि खाच सुईखालून निसटते. मधल्या खुंटीला पातळ टेपचा एक वेढा दिला की भागतं.

जुन्या लाखेच्या ७८च्या तबकड्या या सुईनं वाजवू नका. त्यांची खाच बरीच रुंद असते, तिला जाड टोकाची वेगळी सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घरंगळत राहते.

पाणसळ

आर्मचं काम झालं की टर्नटेबलवर पाणसळ, म्हणजे पातळी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, ठेवा. एकदा डावी-उजवी, एकदा पुढेमागे, आणि प्लॅटरवर, म्हणजे फिरणाऱ्या थाळीवर, टेबलावर नाही. लॉनची जमीन कधीच सपाट नसते. गवंड्याच्या हाताखाली काम केलेला कोणीही मांडवात असतोच, त्याला विचारा. पाचर कुठे घालायची ते तो नजरेनं सांगतो.

जमीन हलते तेव्हा

आता मुख्य दोघांपैकी पहिला. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यावर नाचणारे लोक सेकंदाला दोन उड्या मारतात, म्हणजे २ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले हादरे. इतका संथ हादरा कोणताही रबर, फोम किंवा बॉल अडवू शकत नाही. टेबल मऊ गादीवर ठेवलंत तर ते उड्यांसोबत आणखी डोलतं. इथे एकच उपाय आहे: नाचणाऱ्यांची जमीन आणि तुमची जमीन वेगळी करा.

खुल्या जागेत स्टेजवर बसूच नका. स्टेजच्या बाजूला किंवा मागे, थेट मातीवर किंवा फरशीवर, विटांच्या अथवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेबल मांडा. लोकांना तुम्ही दिसायलाच हवेत असं घरच्यांचं म्हणणं असेल, तर माझ्या मांडववाल्यानं केलं तसं फळ्या काढून टेबलाचे पाय खालच्या जमिनीपर्यंत न्या. टेबलाच्या पायाभोवती सगळीकडून दोन बोटं मोकळी जागा राहील असं बघा, आणि कोणाचा पाय त्या फटीत जाऊ नये म्हणून तिथे खुर्च्या किंवा अडसर लावा. हे मांडव उभा राहतानाच सांगायचं. सगळं सजवून झाल्यावर फळी काढा म्हटलं की कोणाचंही डोकं फिरतं, आणि त्यात त्यांची चूक नसते.

जुन्या वाड्याच्या माडीवर, तक्तपोशीच्या जमिनीवर वाजवायचं असेल तर टेबल खोलीच्या मधोमध नको. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे, भिंतीला लागून ठेवा, कारण तुळई मध्ये सर्वांत जास्त वाकते आणि टोकाला सर्वांत कमी. घरी ऐकण्यापुरतं असेल तर जाड दगडी भिंतीला मजबूत ब्रॅकेट ठोकून त्यावर ठेवणं उत्तम. माणसं चालतात जमिनीवर, भिंत हलत नाही. तळमजल्याची शहाबादी फरशी किंवा आरसीसीचा स्लॅब असेल तर हा प्रश्न बहुतेक नसतोच. थेट बेसकडे वळा.

बेस

आता दुसरा, जास्त चिवट. यामागचं कारण नीट समजलं तर उपाय आपोआप सुचतात.

तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबून कोरतात, नाही तर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर गाणंच मावणार नाही. वाजवताना फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, तो खर्ज परत वर काढतो. १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला ही वाढ जवळजवळ २० डेसिबल, म्हणजे विद्युतदाब दहापट. त्यामुळे टेबलातून सुईपर्यंत आलेला बारीकसा हादराही दहापट होऊन बाहेर पडतो. शिवाय आर्म आणि कार्ट्रिज मिळून स्वतःचा एक झोका, म्हणजे धक्का बसल्यावर आपोआप डोलण्याचा वेग, असतो, डीजेच्या सेटिंगला साधारण ८ ते १५ हर्ट्झच्या दरम्यान. त्याच जागी हादरा मिळाला की सुई खाच सोडते.

पहिला उपाय फुकटचा आहे: बेसचे बॉक्स टेबलापासून लांब, जमिनीवर आणि कधीही त्याच स्टेजवर नाही. मॉनिटर स्पीकर (तुमच्या स्वतःच्या ऐकण्यासाठीचा) टेबलावर ठेवू नका, वेगळ्या स्टँडवर ठेवा. बंद हॉलमध्ये कोपरा टाळा, तिथे खर्ज साचतो. एखादं लांब खर्जाचं गाणं लावून हॉलभर चालत फिरा. बेस जिथे सर्वांत पातळ ऐकू येईल ती जागा तुमच्या टेबलाची.

दुसरा उपाय: मिक्सरवर किंवा क्रॉसओव्हरवर (बेस वेगळा काढणाऱ्या यंत्रावर) लो-कट, म्हणजे अगदी खालचा खर्ज कापणारी सोय, असेल तर ३० हर्ट्झच्या आसपास लावा. तिथे गाणं फारसं नसतं, असतो तो वाकड्या तबकडीचा आणि टेबलाचा हादरा. डॉल्बीवाल्याला हे आधीच सांगा. त्याचं यंत्र त्याच्या ताब्यात असतं, तो ऐन वेळी ऐकणार नाही.

तिसरा उपाय म्हणजे टेबल, आणि यावर मी जरा थांबतो. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्यांच्या दुकानात गेलात तर न चढवलेला भोपळा हातात घेऊन नखानं टिचकी मारून बघा. केवढासा धक्का आणि केवढा नाद. तारेचं कंपन भोपळ्याच्या पोकळीतून मोठं होतं, म्हणून तर तंबोरा गातो. प्लायवुडचं आतून पोकळ टेबल तुमच्या टर्नटेबलखाली नेमकं हेच काम करतं, फक्त ते तुम्हाला नको असतं. मोबाइल व्हायब्रेटवर लावून एकदा त्या टेबलावर ठेवा, एकदा घरातल्या ओट्याच्या कडप्प्यावर. जिथे 'घर्रर' असा आवाज मोठा येतो तिथे सुई बसवायची नाही.

टर्नटेबलखाली वजनदार आणि मुकी वस्तू हवी. कडप्प्याचा दोन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा इंच जाड तुकडा फरशीवाल्याकडे कापून मिळतो. त्याचं वजन साधारण चोवीस किलो भरतं. टेक्निक्सचं एसएल-१२०० सारखं टर्नटेबल, जे १९७२ मध्ये आलं आणि ज्याच्या पुढच्या आवृत्तीवर जगभरचे डीजे शिकले, ते साधारण ११ किलो. म्हणजे दोन्ही मिळून ३५ किलो. तीन-चार किलोचं सुटकेससारखं टर्नटेबल या कामाला घेऊ नका, ते स्वतःच भोपळा असतं.

आता हे ३५ किलो मऊ वस्तूवर टेकवायचे. किती मऊ, याचा एक साधा हिशेब आहे. वजन ठेवल्यावर खालची वस्तू किती मिलिमीटर दबली ते पट्टीनं मोजा. १ मिलिमीटर दबली तर तिचा झोका साधारण १६ हर्ट्झ, ४ ला ८, १० ला ५. रबराच्या बाबतीत खरा आकडा थोडा वरच येतो. झोक्याच्या दीडपट वरच्या हादऱ्यापासून पुढे ती वस्तू हादरा अडवायला लागते, त्याखाली नाही आणि झोक्याच्या आसपास तर ती हादरा वाढवते.

म्हणजे पातळ फोम किंवा जाड कापड घालून २-४ मिलिमीटर दबवलंत तर झोका ८ ते ११ हर्ट्झवर येतो, नेमका आर्मच्या झोक्यावर. फोम घातल्यावर जास्तच उडायला लागली असं लोक म्हणतात, ते खरं असतं. एक तर मऊ काहीच घालू नका, नाही तर पुरेसं दबेल असं घाला.

माझ्या अनुभवात सर्वांत सोपं साधन टेनिस बॉल. ८ किलो आले की नवा टेनिस बॉल साडेपाच ते साडेसात मिलिमीटर दबतो, म्हणजे कडप्प्याच्या चार कोपऱ्यांखाली चार बॉल लावले की झोका ६ हर्ट्झच्या आसपास जातो. ४० हर्ट्झच्या बेसला तो चांगलाच अडवतो. गावोगावच्या सामन्यांसाठी मिळणारा जड, जाड रबराचा 'हेवी' बॉल घेऊ नका, तो दबतच नाही. बॉल घरंगळू नये म्हणून प्रत्येकाखाली कापडाची छोटी चुंबळ करून ठेवा, डोक्यावर घागर घेताना करतात तशी. मी जुन्या सुती साडीच्या चुंबळी करून दोऱ्यानं शिवून ठेवल्या आहेत. बॉल अर्धा आत बसतो आणि कडप्पा दाबून बघितला तरी सरकत नाही.

चारऐवजी तीन बॉल लावले तर प्रत्येकावर जास्त वजन येतं, ते जास्त दबतात आणि झोका आणखी खाली जातो. शिवाय तीन दगडांची चूल डगमगत नाही, तसंच हेही. फक्त दोन बॉल तुमच्या बाजूला, एक मागे ठेवा, म्हणजे पुढच्या कोपऱ्यावर हात टेकला तरी कडप्पा उलटणार नाही. कडप्पा बसवून झाला की पुन्हा पाणसळ लावा.

सायकलची ट्यूब अर्धवट हवा भरून घडी करून ठेवणंही चालतं, पण हवा कमी-जास्त झाली की पातळी बिघडते. टेनिस बॉल त्या मानानं गुमान काम करतात. स्क्रॅच करणाऱ्यांना मात्र हे सगळं थोडं डोलणारं वाटेल, कारण हाताचा झटका बसला की कडप्पा हलतो. त्यांनी दगड आणखी जड करावा, बॉल मऊ करू नयेत.

टेबलच हलकं असेल तर त्याच्या खालच्या आडव्या पट्टीवर वाळूची छोटी पोती ठेवा. वाळू हादरा गिळते. हळदीच्या मोठ्या पोत्याचं कापड कापून शिवलेली पाच-सात किलोची पिशवी पुरते.

टाइमकोडच्या (गाण्याऐवजी संकेत कोरलेल्या) तबकडीनं संगणकावरची गाणी वाजवत असाल तर सॉफ्टवेअरमध्ये रिलेटिव्ह मोड ठेवा, म्हणजे ते सुईची जागा न बघता फक्त वेग बघतं. मग सुई उडाली तरी गाणं पुढे जाऊन आपटत नाही.

वारा आणि हळद

साताऱ्याकडे उघड्यावर कार्यक्रम असेल तर वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काही शोभेला नाहीत. तीन-चार ग्रॅमवर टेकलेल्या आर्मला बाजूनं जोराचा वारा लागला की तो उचलला जातो. टेबलाची पाठ वाऱ्याकडे करा आणि तिन्ही बाजूंनी गुडघाभर उंचीची काचेची किंवा अॅक्रिलिकची आडोशाची पट्टी उभी करा. ती टर्नटेबलला चिकटवू नका. धुळीचं झाकण वाजवताना काढूनच ठेवा. उघडं उभं झाकण शिडासारखं वारा धरतं आणि आवाजाचा हादराही आत आणतं. उन्हात तबकड्या ठेवू नका, वाकलेली तबकडी सुईला प्रत्येक फेरीला उचलते.

हळदीच्या कार्यक्रमात पूड सगळीकडे उडते. खाचेत बसलेली हळद डोळ्यांना दिसत नाही, पण चार गाण्यांनंतर सुईवर पिवळसर कापूस जमतो आणि ती घसरायला लागते. तबकड्यांचा खोका हवेच्या उलट दिशेला, झाकून ठेवा. प्रत्येक तबकडी लावण्याआधी कार्बनचा ब्रश आणि दर चार-पाच गाण्यांनी सुईचा ब्रश. एक जादा सुई खिशात, खोक्यात नाही. खोका कोणीतरी हलवतोच.

पहिल्या गाण्याआधी

लोक येण्याआधी अर्धा तास मागून घ्या. प्लॅटर थांबवून सुई तबकडीवर टेकवा आणि आवाज हळूहळू वाढवा. 'हूं' सुरू होण्याच्या थोडं आधी मास्टरवर पांढऱ्या टेपची खूण करा. रात्री त्या खुणेच्या बरंच खाली राहायचं, कारण हॉल तापला की आवाज वाढतच जातो आणि कोणी ना कोणी येऊन आग्रह करतोच. मग टेबलाच्या फळीवर बोटाच्या सांध्यानं ठोका. स्पीकरमधून 'ढब' जेवढा मोठा, तेवढं टेबल अजून पोकळ.

यानंतर एखादी तबकडी वाजवायला लावा आणि मांडवाच्या कामावरची चार पोरं टेबलाजवळ बोलवा. त्यांना सांगा, नाचा, उड्या मारा, अगदी जोरात. ती आनंदानं मारतात. तुम्ही आर्मकडे बघत राहा. पोरं धापा टाकायला लागली आणि सुई खाचेतून हलली नाही, की डॉल्बीवाल्याला हात करा.